सरळ रेषेतलं अंतर

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी बारामतीत भूगोल शिकवते. इंदापूर तालुक्यातल्या काही गावांना मिळून एक रुग्णवाहिका मिळणार होती. ती कुठं उभी करायची, हे गणितानं ठरवायचं काम माझ्याकडं आलं. कुठल्या गावात किती माणसं, कोण कुणापासून किती लांब — हे संगणकात भरायचं, की सगळ्यांना त्यातल्या त्यात जवळ पडेल अशी जागा निघते. असं काम करताना आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागतं. मला वाटलं.

निमगाव केतकीच्या पुढं, ओढ्यापल्याडच्या एका वस्तीवर नामदेवतात्या भेटले. वस्तीतले जाणते. म्हणाले, "नकाशात जवळ दिसतंय म्याडम, पर वढ्याला पाणी आलं की हितनं कुणी जात न्हाय. लांबनं वळसा हाय." मी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्यासमोर.

आणि अंतरं मोजली सरळ रेषेत. रस्त्यानं मोजायची तर महिना गेला असता. अहवाल दिला, सभेत टाळ्या पडल्या. नंतर — वही चाळताना ते वाक्य पुन्हा दिसलं. रस्त्याची अंतरं घालून मी गणित परत केलं. उत्तर बदललं. गाडी ओढ्यापल्याड, तात्यांच्या बाजूला उभी राहायला हवी होती. ती अजून यायचीच होती. एक फोन पुरला असता. पण टाळ्या पडून गेल्या होत्या ना? मी ते दुसरं उत्तर पुसून टाकलं.

त्या पावसाळ्यात तात्यांची सून बाळंतपणात अडली. गाडी वळसा घालून पोचली तेव्हा बाळ गेलं होतं.

मी भेटायला गेले. सांत्वनाला? नाही. कुणाला संशय आलाय का, ते बघायला. तात्याच माझी समजूत घालू लागले. "तुमी तर लिवून घेतलं व्हतं. वरच्यांनी ऐकलं न्हाय, त्याला तुमी काय करणार?"

सून भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, "हो तात्या. वरचे कुठं ऐकतात."

तो अहवाल मी अजून वर्गात शिकवते, चांगला नमुना म्हणून. तात्या दर हंगामाला डाळिंबं पाठवतात, मोठी मोठी निवडून. आम्ही ती खातो.