उद्या काढायची फाईल

रुग्णालयाच्या संगणक विभागातील या गृहस्थांना सर्वजण तात्पुरतेकाका म्हणत, आणि त्यात कोणालाही अतिशयोक्ती वाटत नसे. त्यांच्या चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती. ही व्यवस्था नवा चष्मा येईपर्यंतची होती आणि तिला सहा वर्षे झाली होती. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. त्यांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, आणि ती दबली की ते तिच्यावर दुसरी घडी ठेवत. पुठ्ठ्याच्या थरांवरून त्यांच्या सेवेचा कालखंड मोजता आला असता.

"आमचं लग्नसुद्धा यांनी तात्पुरतंच केलं असणार," असे त्यांची पत्नी पाहुण्यांसमोर शांतपणे सांगत असे. "मोडायचं राहून गेलं."

काका यावर हसत. ते आळशी नव्हते, हे नमूद केले पाहिजे. बिघाड दिसला की तो क्षणात थोपवणारा माणूस आळशी नसतोच. थोपवलेला बिघाड पुन्हा कोणाला दिसत नाही, एवढीच काय ती त्याच्या कर्तबगारीची खोट.

रुग्णांना डॉक्टरांची वेळ घरबसल्या ठरवता यावी म्हणून रुग्णालयाने एक संकेतस्थळ चालवले होते, आणि ते ज्या सर्व्हरवर चाले तो काकांनी अकरा वर्षांपूर्वी उभा केला होता. सर्व्हर सुरू होताना आधी एक फाईल वाचतो. नोंदी कोणत्या यंत्रावर साठवल्या आहेत, तक्रारीसाठी पानाच्या तळाशी कोणता दूरध्वनी क्रमांक दाखवायचा, अशा गोष्टी त्या फाईलीत लिहिलेल्या असतात. विभागात तिला कॉन्फिग म्हणत आणि तिचा आब फार मोठा होता. तीत एक अक्षर बदलायचे तरी आधी बदल कागदावर छापावा लागे, त्यावर साहेबांची सही व्हावी लागे, तो कागद गुलाबी फोल्डरमध्ये लागावा लागे, आणि मगच कोणीतरी कळफलकाला हात लावी. अकरा वर्षांत असे चौदा कागद लागले होते. विभागाने एवढ्या निष्ठेने दुसरे काहीही जपले नव्हते.

हे टंकनाचे काम अलीकडे एका बाईंकडे होते. त्या करारावर होत्या आणि दर अकरा महिन्यांनी नव्याने नेमल्या जात, म्हणून त्यांना करारबाई म्हणत. त्यांची नेमणूक या महिन्याअखेर संपत होती.

शुक्रवारी नोंदींचा साठा नव्या यंत्रावर हलवला गेला. करारबाईंनी चौदाव्या कागदाबरहुकूम नव्या यंत्राचा पत्ता कॉन्फिगमध्ये लिहिला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. संकेतस्थळ उत्तम चालले, सगळ्यांनी एकमेकांचे अभिनंदन केले. सोमवारी सकाळी जुने यंत्र बंद करून हातगाडीवरून भंगाराच्या खोलीत नेले, आणि त्याच मिनिटाला संकेतस्थळ मान टाकून बसले. पडद्यावर संदेश आला: जुन्या पत्त्यावरचे यंत्र सापडत नाही.

"तुम्ही जुनाच पत्ता लिहिलाय," साहेब करारबाईंना म्हणाले.

"साहेब, फाईल उघडून दाखवते. हा बघा नवा पत्ता."

"मग नीट सेव्ह केली नसेल."

"आत्ता आपल्यासमोर उघडली की. सेव्ह झाल्याशिवाय दिसेल कसं?"

साहेबांनी यावर समिती नेमली. समितीने पत्ता पुसून तोच पत्ता पुन्हा लिहिला. मग फाईल कोणी वाचावी, याचे हक्क बदलले. मग नव्या यंत्राची वायर काढून पुन्हा खोचली. म्हशीला दुखणे आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात, तो उपचार इतक्या शिस्तीने झालेला क्वचितच पाहायला मिळतो. बारा वाजता समितीचा निष्कर्ष आला की चूक मानवी आहे, आणि मानव करारावरचा आहे. अहवाल टंकलिखित झाला. चार वाजता तो वर जाणार होता; त्यावर काकांची साक्षीदार म्हणून सही हवी होती. असा अहवाल गेल्यावर पुढची नेमणूक होत नसते, हे सांगायची कोणाला गरज नव्हती.

करारबाई रडल्या नाहीत. त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि खुर्ची ओढली.

"काका, एक गंमत करू?"

"आता काय करायचं राहिलंय?"

"ही फाईल बिघडवते."

पत्त्याच्या जागी त्यांनी आपल्या घरमालकिणीला उद्देशून एक वाक्य लिहिले, जे येथे उद्धृत करता येत नाही, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. सर्व्हरने घरमालकिणीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने तोच जुना पत्ता सांगितला आणि तीच तक्रार केली.

"बघा," करारबाई म्हणाल्या. "हा फाईल चुकीची वाचत नाहीये. ही फाईल वाचतच नाहीये. दुसरी कुठली तरी वाचतोय. सर्व्हर सुरू कुठून होतो, काका? कुठल्या फोल्डरमधून?"

काकांनी चष्मा काढला. तार कानाला टोचत असावी.

सर्व्हर संगणकावरच्या ज्या फोल्डरमधून सुरू होतो, तिथे आधी कॉन्फिग शोधतो. तिथे सापडली नाही तरच ठरलेल्या जागी जातो. अकरा वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या सकाळी ठरलेल्या जागेवरची फाईल काही केल्या वाचली जात नव्हती, पाहुणे खाली गाडीतून उतरत होते, आणि काकांनी तिची एक प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकून सर्व्हर तिथून सुरू केला होता. प्रत अजून तिथेच होती. तिची पहिली ओळ खुद्द त्यांचीच होती: तात्पुरते. उद्या काढणे.

करारबाईंनी ती ओळ वाचली आणि मग खालच्या ओळी वाचल्या.

"म्हणजे ते चौदाही बदल..."

"एकही लागू झालेला नाही," काका म्हणाले.

तक्रारीचा क्रमांक या काळात तीनदा बदलला होता, असे कागद सांगत होते. पानावर मात्र पहिलाच राहिला, आणि तो दूरध्वनी केव्हाच तोडला होता. तक्रारींचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले, याचा उल्लेख विभागाच्या दोन वार्षिक अहवालांत अभिमानाने केलेला होता.

काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. गप्प राहून सही करणे हा त्यांच्या आजवरच्या पद्धतीशी सर्वाधिक सुसंगत उपाय ठरला असता. ते गुलाबी फोल्डर घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

"चूक माझी आहे," त्यांनी सगळे सांगून म्हटले. "बाईंचं नाव काढा."

"अहवाल तयार झालाय हो. शिवाय तुम्ही निघालातच आता. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? ती मुलगी दुसरीकडे लागेल."

"बरं. मग त्या खुलासा देतील. खुलाशात हे चौदा कागद जोडावे लागतील." काकांनी फोल्डर टेबलावर ठेवले. "प्रत्येकावर 'बदल केला, तपासला' असं लिहून आपली सही आहे. तेवढं 'तपासला' मी खोडू का?"

साहेबांनी फोल्डर उघडून पहिल्या कागदावरची आपली सही पाहिली. मग त्यांनी अहवाल ओढून घेतला, एक नाव खोडले, त्याजागी 'यांत्रिक कारण' असे लिहिले आणि बाजूला सही केली. यंत्रांना खुलासा द्यावा लागत नाही.

"पण ती फाईल काढू नका," ते म्हणाले. "त्यातच नवा पत्ता टाका. चाललंय ते चालू दे तात्पुरतं."

"हो," काका म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी करारबाईंकडून घरमालकीण पुसून घेतली आणि नवा पत्ता पुन्हा लिहून घेतला. मग आपल्या फोल्डरमधली फाईल काढून टाकली. अकरा वर्षांपूर्वीचा अडथळा आता उरला नव्हता. बहुधा दुसऱ्याच दिवशी उरला नव्हता, पण दुसऱ्या दिवशी कोणी पाहिलेच नव्हते. सर्व्हर सुरू झाला, ठरलेल्या जागेवरची कॉन्फिग त्याने निमूटपणे वाचली, आणि चौदा बदल एकदम लागू झाले.

"साहेब तर नको म्हणाले होते ना?" करारबाईंनी हळूच विचारले.

"मी हो म्हणालो. काढणार नाही, असं कुठे म्हणालो?"

तक्रारीचा सर्वांत नवा क्रमांक साहेबांच्या टेबलावरचा होता. सकाळपासून वेळ न मिळालेल्या रुग्णांनी पान उघडले असावे. साहेबांच्या दाराआडून घंटी ऐकू आली. ती थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली.

"उचलतील?" करारबाई म्हणाल्या.

"सही आहे त्यांची," काका म्हणाले, आणि टेबलाखाली वाकून पुठ्ठा किती दबला आहे ते पाहू लागले.