स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर

आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर आहे. परवान्याचं, रीतसर. माझ्या उभ्या संसारात इतकी भिकार वस्तू दुसरी आली नाही, हे मी आजवर गावभर सांगत आले, म्हणून इथेही आधी तेच सांगते. लग्नात आलेला मिक्सर दोनदा जळला, पण त्याने निदान चटणी तरी वाटून दिली. ह्या मेल्याने काय दिलं?

मी शाळेत शिकवते. नवऱ्याची महागावजवळ शेती, कापूस, सोयाबीन आणि नाल्याच्या अंगाला तूर. माझं माहेर दारव्ह्याचं, सगळे कचेरीतले लोक. आमच्याकडे बापाच्या कमरेला फार तर कपाटाच्या किल्ल्या असायच्या. सासरी आले तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात रिव्हॉल्व्हर शिरलेलं होतं. परवान्यासाठी त्या माणसाने किती चकरा मारल्या असतील, देव जाणे. परवाना हाती आला त्या दिवशी घरात पुरणपोळी करायला लावली, जणू मुलगा कलेक्टर झाला.

घ्यायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो. दुकानदाराने काचेवर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली. एक हातात घेतलं की कळत होतं, ही वस्तू आहे. दुसरं घेतलं की हात धुवावेसे वाटत होते. नवऱ्याने पहिलं उचललं, उलटसुलट पाहिलं, किंमत विचारली आणि हळूच खाली ठेवलं. मग दुसऱ्याकडे पाहून गालात हसले. दुकानदार पक्का होता. म्हणाला, "साहेब, गोळी दोन्हीतून निघते." झालं! पुसदपर्यंत जीपमध्ये आमचे हे तेच एक वाक्य घोळवत होते. "पाह्य ना, गोळी दोन्हीतून निघते. मंग जास्तीचे कायले द्याचे?"

पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या मुठीवरच्या पट्ट्या आकसल्या. हे चालायला लागले की कमरेला खुळखुळ वाजायचं, गायीच्या गळ्यातल्या घंटीसारखं. पावसाळ्यात नळीवर तांबेरा. वरचा काळा रंग सदऱ्याला लागायचा आणि तो डाग साबणात भिजवा, लिंबू चोळा, निघायचा नाही. सदरे माझ्याच नशिबी. खटका तर असा घट्ट की ओढताना ह्यांची जीभ बाहेर यायची. पण शब्द काढायची सोय नव्हती. लगेच, "तुले काय समजते त्यातलं?" पोटच्या पोराला कुणी नाव ठेवावं आणि आईने फणकारावं, तसं.

मी हसत होते, टोमणे मारत होते, ते सगळं वरवरचं. आत वेगळीच धास्ती होती. आमच्या वावराला लागून नाला आणि नाल्यापलीकडे पळसाचं रान. रानडुकरं दिवसाउजेडी तुरीत येऊन पडायची. शेजारच्या वावरातल्या गड्याची मांडी एका डुकराने फाडली, तो सहा महिने खाटेवर होता. आणि हे रोज सकाळी एकटे वावरात, कमरेला खुळखुळा लावून! मी म्हटलं, "अहो, घ्यायचीच होती तर लांब बंदूक घ्यायची ना." तर म्हणाले, "लांब बंदूक खांद्यावर टाकून जागल्या फिरते. मालक कमरेला लावते." कपाळ माझं! मला एवढंच पाहिजे होतं, की कधी डुक्कर अंगावर आलंच तर ह्या डबड्याने एकदा, फक्त एकदा, काम करावं.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. एका वर्षी माझंही निवडणुकीचं प्रशिक्षण तहसीलमध्ये होतं, म्हणून मी ह्यांच्यासोबत आधी ठाण्यात गेले. कडुनिंबाखालच्या बाकावर चार-पाच मालक बसलेले. एकाचं हत्यार टॉवेलात, एकाचं मिठाईच्या डब्यात. आणि फुशारक्या काय विचारता! एक ठेकेदार होता, बोटात अंगठ्याच अंगठ्या. म्हणे, "माह्यं तं एक नंबर आहे. स्वस्तात भेटलं, पण आजवर दगा नाही दिला."

मी विचारलं, "भाऊ, चालवलं कधी?"

"चालवायची पाळीच नाही आली ना, ताई."

त्याच्या शेजारचे एक पेन्शनीतले गृहस्थ. परवाना मिळाला तेव्हा त्यांनी विहिरीवर एक गोळी उडवली होती. दुसरी आतच अडकली. ती ह्याच ठाण्यात येऊन काढून घेतली होती, तरी म्हणत होते, "बाकी मशीन दणकट आहे." तिसऱ्याने गोळ्या तिजोरीत बायकोच्या दागिन्यांसोबत जपल्या, त्या हिरव्या पडल्या. पण तोही समाधानी. एकालाही आपल्या हत्याराबद्दल वाकडा शब्द सहन होत नव्हता आणि एकालाही ते चालतं की नाही, हे ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं कमरेला ओझं वागवायचं आणि त्याला अनुभव म्हणायचं! पावती लिहिणारा हवालदार मान वर न करता म्हणाला, "ताई, इथं जमा होते तवा त्याच्याकडं कोणी पाह्यते तरी." मला इतकं हसू आलं की ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

घरी त्या हत्याराचा एकच सण, खंडेनवमी. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, माझी शिवणाची कात्री, आणि मधे पाटावर हे महाराज. ह्यांचा एक नियम होता, आणि तो मात्र शहाणपणाचा होता. पूजेला ठेवायचं ते रिकामं करून, मधून मोडून, उघडं. चक्रीतली सहाही भोकं रिकामी आहेत, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. हळद-कुंकू मी वाहायचे, अक्षता मी टाकायचे. मनात म्हणायचे, बाबा, तू कसाही असलास तरी ह्यांच्या वेळेला उभा राहा. दुसऱ्या दिवशी हे फडक्याने पुसायचे, गोळ्या भरायचे, मिटायचे. एका वर्षी मिटताना म्हणाले, "जरा घट्ट लागून राह्यलं." मी म्हटलं, "ते सैल कधी होतं?" आणि पोळ्या लाटायला बसले.

त्यानंतर महिन्याभराने, कापसाची वेचणी जोरात असताना, एका रविवारी मी डबा घेऊन वावरात गेले. ऊन चांगलं वर आलं होतं. चार बाया तुरीच्या कडेच्या कापसाच्या ओळी वेचत होत्या आणि हे बांधावर उभे. मी वीसेक पावलांवर असेन. तूर हलली आणि एक डुक्कर सरळ त्या बायांच्या रोखाने निघालं. मी ह्यांना आयुष्यभर बढाईखोर म्हटलं. पण हा माणूस मागे नाही सरला. बायांच्या पुढे जाऊन उभा राहिला, रिव्हॉल्व्हर काढलं, दोन्ही हातांनी नीट धरलं आणि खटका ओढला.

काही झालं नाही. आवाज नाही, काही नाही. खटका हललाच नाही. दोन बोटं घालून ओढला, जीभ बाहेर काढून ओढला, मला तिथूनही दिसत होतं. मग डुकराने त्यांना उडवलं, गुडघ्याच्या वर मांडी फाडली आणि नाल्यात उतरून गेलं.

बाया ओरडत होत्या. मी एकीच्या ओटीतला सगळा कापूस उपसला, जखमेत कोंबला आणि पदर फाडून बांधला. पांढरा कापूस पाहता पाहता लाल. पुसदच्या दवाखान्यात टाके पडले, पण शीर तुटली ती तुटली. तेव्हापासून हे पाय ओढत चालतात.

दवाखान्यात भेटायला येईल त्याच्यापुढे मी त्या रिव्हॉल्व्हरचा उद्धार केला. स्वस्तातलं घेतलं, माझं ऐकलं नाही, जीव गेला असता तर? हे उशीवर डोळे मिटून पडायचे. मी ठरवलंच होतं, ते डबडं त्या दुकानदाराच्या तोंडावर फेकायचं. ह्यांना काठी घेऊन चालता यायला लागलं, तसं मी त्यांना अकोल्याला नेलं.

दुकानदाराने माझी बडबड शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग रिव्हॉल्व्हर मोडायला गेला, उघडेना. लाकडी हातोडीने दोनदा ठोकलं तेव्हा उघडलं. गोळ्या काढल्या. चक्रीच्या मधोमध चांदणीसारखा एक तुकडा असतो, उडालेल्या गोळ्यांची टरफलं बाहेर ढकलणारा. त्याच्याखाली त्याने चिमटा घातला आणि काहीतरी ओढून काचेवर ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. एका टोकाला अजून कुंकू.

"हे असं मधे बसलं का चक्री फिरतच नाही," तो म्हणाला. "किती बी महागाचं घ्या." त्याने रिकामं रिव्हॉल्व्हर मिटलं आणि सहा वेळा खटका ओढला. खट, खट, खट. सहाही वेळा चक्री सुरळीत फिरली. "वस्तू ठीक आहे, साहेब."

मला वाटलं, आता हे माझ्याकडे पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. दाणा काचेवरून बोटाने पुसून टाकला आणि म्हणाले, "चाला, गाडी सुटन." परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. पुसद आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "भूक लागली काय वं तुले?"

घरी त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. मीही नाही.

यंदा पुन्हा निवडणूक लागली. ठाण्यात तोच कडुनिंब, तोच बाक, तेच मालक. हे पाय लांब करून बसले होते. ठेकेदाराने विचारलं, "भाऊ, आयकलं ते खरं काय? चाललंच नाही म्हणते ऐन वक्ताले?"

ज्या माणसाने त्या हत्याराविरुद्ध मला कधी एक शब्द बोलू दिला नाही, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माल हलका निघाला हो. दुकानदाराच्या बोलण्यात आलो मी. लय भिकार वस्तू. माह्याच हातानं घेतली ना, कोणाले बोलू?"

"ताई तं मांगंच म्हणत होत्या," ठेकेदार माझ्याकडे वळला. "काहो ताई?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. फक्त हे पाहत नव्हते. पावतीची घडी घालत होते.

"हो," मी म्हटलं. "मी पहिल्यापासून म्हणत होते."

त्यांनी दुखरा पाय हाताने उचलून बाजूला घेतला आणि मला बसायला जागा करून दिली.