सुमनआत्याची बांधी

“याला ऑटिझम म्हणतात,” नागपूरचे डॉक्टर म्हणाले. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पण हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तुमची सुमनआत्या, माझी लेक, तेव्हा सात वर्षांची होती. तिला रायल्स ट्यूब घातली होती, म्हणजे नाकातून पोटात दूध पोचवणारी नळी.

झालं होतं असं. सुमन फक्त आमच्या शेतातल्या लुचई धानाचा भात आणि मीठ खायची. भाताला वरण लागलं तरी ताट सरकवायची. त्या वर्षी आम्ही सगळ्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, जास्त पिकणारं नवं धान लावलं. त्याचा भात जाड, चिकट. तिने पहिलाच घास तोंडातून काढला आणि उठून गेली.

सासूबाई म्हणाल्या, “राहू दे उपाशी. भूक लागली का गोटाही खाईन पोट्टी.”

तिने खाल्लं नाही. कोठीत उरलेल्या लुचईत आम्ही नवा तांदूळ मिसळून पाहिला. मिसळलेलं तिला कळलं आणि तिने लुचईचाही भात सोडला, पाठोपाठ पाणीही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त, लघवी, एक्स-रे झाले. काही निघालं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी तिचं मनगट धरून ठेवायची. ते बारीक होत चाललं होतं. तिथून नागपूर.

“हा हट्ट नाही,” डॉक्टर म्हणाले. “चव, वास, घासाचा स्पर्श तिला फार तीव्र जाणवतो. ओळखीचं तेच द्या, त्यात काही मिसळू नका. याला औषध नाही.”

पण लुचई संपली होती. माझे दीर नामदेवभाऊजी सायकलने आंबागडकडच्या नातेवाइकांकडे गेले आणि पोतं घेऊन आले. “वहिनी, अर्धं कांडा, अर्धं बिजवाईले ठेवा, पेराले. एका पोट्टीसाठी वेगळी बांधी! गाव हासन मले.”

दवाखान्यात मी ताट तिच्यापुढे ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिने आधी वास घेतला. मग एक शीत उचललं. बऱ्याच वेळाने दुसरं.

ती बरी झाली असं नाही. आजही तोच भात, तेच मीठ. पंगतीला आम्ही तिला नेत नाही. भाऊजी आता नाहीत. ती एक बांधी मी अजून लावून घेते. माझ्यामागे कोण लावेल, हा विचार सकाळी आला की दिवस वाईट जातो.

तुमच्या घरी कधी असं मूल आलं, तर त्याच्या घासात काही लपवू नका. सुट्टीत याल तेव्हा आत्याजवळ जेवायला बसा. तिला “थोडं चाखून बघ” म्हणू नका, तिच्या ताटाकडे पाहू नका. तेवढं सांभाळलं की ती पोटभर जेवते.