सात नंबरचा दिवा

मी जळगावचा, पण दोन वर्षं धुळ्याच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटरचं काम पाहायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऑफिसातली सगळी मशीन एका जुन्या हबला जोडलेली. हबचं वागणं गावच्या पारासारखं. एक जण बोलला की सगळ्यांनी ऐकायचं, आणि दिवे एकदम लुकलुकायचे. मी साहेबांच्या मागे लागून स्विच आणवला. त्यात प्रत्येक पोर्टचा, म्हणजे वायर खोचायच्या खाचेचा, कारभार वेगळा, आणि माझ्या टेबलावरून हवं ते पोर्ट बंद करता येई. मला त्याचा भारी माज चढला होता.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे दिवे शांत झाले आणि सात नंबरचा तेवढा लुकलुकत राहिला. ती वायर हजेरी कारकुनाच्या खोलीत जात होती. कारकून आबा मागच्या उन्हाळ्यात कामावर येताना फाटकातच कोसळून वारले होते. खोलीला तेव्हापासून कुलूप. त्या महिन्याच्या हजेरीला कुणी हात लावायचा नाही, अशी साहेबांची ताकीद होती.

मी भुताखेताला मानत नाही. वायर बदलली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा तेच. सर्व्हरवर पाहिलं, तर आबांच्या नावाने कुणीतरी आत शिरलेलं, आणि त्यांची एक फाइल रोज वाढत होती. मी ती उघडली. आज हजर. आज हजर. आज हजर. पानंच्या पानं तेच, मधूनमधून चुकलेली अक्षरं. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं आणि मी उठून पंखा बंद केला.

अशा गोष्टी लपत नाहीत. आबा कामावर येतात, असं लोक बोलू लागले आणि डबे घेऊन पलीकडच्या व्हरांड्यात बसू लागले. साहेबांनी पोर्ट बंद करायला सांगितलं. मी दीड वाजायची वाट पाहिली, दिवा लागला, आणि मी तो माझ्या हाताने घालवला. मग धीर करून त्या खोलीपाशी गेलो. कुलूप नुसतं कडीला लोंबत होतं. आत बटणांचा आवाज चालूच होता, सावकाश, एकेक.

दार ढकललं. आबांची बायको बसली होती. नवऱ्याच्या जागी तिला झाडलोट आणि पाणी द्यायला घेतलं होतं, किल्ल्या तिच्याकडेच असत. खरं सांगतो, भूत असतं तर बरं झालं असतं.

ती उठली नाही. म्हणाली, "भाऊ, त्या फाटकलोंग उनात. हजेरी लावाना आधी पडी गयात. कागदवर गैरहजर शेतस. तेवढा एक शब्द बदली द्या."

आबा फाटकापर्यंत आले होते, पण हजेरी लावायच्या आधीच पडले, म्हणून कागदावर गैरहजर. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी लावणारा माणूस मेला त्या दिवशी गैरहजर. हजेरीच्या फाइलीला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून आबांच्या वहीतला पासवर्ड टाकून ती त्यांच्याच जुन्या फाइलीत तो शब्द रोज लिहीत होती. मी बघतो म्हणालो. ऑफिसात याचा अर्थ नाही असा होतो, आणि वर्षभरात तिलाही तो कळला असणार.

महिनाअखेरीस वर्षाची हजेरी टेपवर उतरवून कायमची बंद करायची होती. ते काम माझं. त्या तारखेपाशी मी थांबलो. सगळे अधिकार माझ्याकडे होते, दोन मिनिटांचं काम. पण आबा हजर म्हटले की मृत्यू कामावरचा ठरला असता, गिरणीला भरपाई द्यावी लागली असती, साहेबांनी मला जाब विचारला असता, आणि माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. मी भित्रा निघालो. तो शब्द न बदलताच फाइल बंद केली.

दाराशी ती पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. "झायं का काम, भाऊ?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो, आणि ते खरं होतं. ती हसली, आणि तिने घरून आणलेला गूळ माझ्या हातावर ठेवला.