ब्लाउजच्या आतले टाके

धुतलेला ब्लाउज उलटा करून दोरीवर टाकला, तेव्हा बगलेखाली जुन्या टाक्यांच्या तीन ओळी दिसल्या. गाव सोडून सुरतेला आल्यापासून दरवर्षी एकेक शिवण मीच उसवली. आधी इथल्या पाण्यावर संशय घेतला, कापड आटवतं म्हणून. मग शिंप्यावर.

व्हिडिओ कॉलवर मला बघून आई मात्र खूश. “अंगानं भरलीस गं, सुखात आहेस!” म्हणते.

म्हणून काल वस्तीत तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी कमरेला टेप लावून “ताई, पोट आत ओढू नका, श्वास सोडा” म्हटलं, तेव्हा वाटलं, आता या बाई वजन उतरवायच्या पावडरचा डबा विकायला काढणार. माझा डोळा त्यांच्या पिशवीवरच. डबा काही निघाला नाही. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी न कंटाळता सांगितलं, की पोटाची चरबी दुखत नाही, पण तिनं साखर, बीपी, हृदयविकार यांचा धोका वाढतो. “उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या,” म्हणाल्या. परक्या गावात एवढं कोण सांगतं?

तरी मन कुरकुरतं. सुखानं आजार कसा होईल? पुन्हा शिवण चाचपली. टाके पार काठाला आलेत, उसवायला आत कापडच नाही. आता संशय घ्यायला एकच जागा उरली, ती या कापडाखालची.

तेवढ्यात फोन वाजला. “न्याहारी केलीस का गं?”

आजवर आईला नेहमी हो म्हटलंय. आज म्हटलं, “नाही केली. रक्त तपासायला चाललेय, आल्यावर सगळं सांगते.”