चिंचेच्या पाण्यातला गिलास

काल चिंच भिजत घातली आणि त्या आंबट वासानं मला लातूरच्या आमच्या स्वयंपाकघरात नेलं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण दुष्काळानं नळ कोरडे होते. बोअरच्या खारट पाण्यानं घरातले सगळे काचेचे गिलास दुधी पडले होते.

त्या दुपारी दलित वस्तीतले गणपतभाऊ प्रथमच आमच्याकडे येणार होते. जातिभेदाविरुद्धची त्यांची पत्रकं वाचतच मी मोठी झाले होते. ओट्यावर एक गिलास बाकीच्यांपासून लांब, वाटीनं झाकून ठेवलेला मला दिसला आणि माझं डोकं भडकलं. गणपतभाऊ दारात चपला काढत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "आई, त्यांचा गिलास येगळा ठेवलास? लाज न्हाई वाटत?"

आईनं वाटी उचलली. गिलास लख्ख होता. सकाळी चिंचेच्या पाण्यात बुडवून तिनं तो चोळून काढला होता. बाकीचे खळबळायला पाणीच उरलं नव्हतं.

गणपतभाऊंनी पाणी पिऊन गिलास उजेडात धरला. "वैनी, लेकीवर रागावू नका. येगळा गिलास म्हणजे अपमान, हे मीच लिहून ठेवलंय की!"

आई हसली, पण माझ्याकडे न बघता.

भेदभावाविरुद्ध मी आजही तितक्याच त्वेषानं लिहिते. त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. पण त्या दिवशी मी आईला काही विचारलंच नव्हतं. ज्या पाहुण्यासाठी ती सकाळभर राबली, त्याच्यासमोर मी तिला थेट शिक्षा सुनावली होती.