तिसऱ्या कुंडीतलं गाणं

या सदरातले अनुभव मी दुपारी जेवणानंतर डोळा लागावा म्हणून वाचते. खोटं कशाला बोलू? असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भुताला भ्यायलासुद्धा फुरसत लागते, आणि ती मला आयुष्यात मिळाली नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोन मुलं वाढवली आणि एका गाणाऱ्या माणसाबरोबर संसार केला... यातलं तिसरं काम सगळ्यांत दमवणारं होतं. आमचे हे आत्ता पलंगावर पेपर तोंडावर घेऊन पडलेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण माझं गाणं चांगलं होतं असं लिही," एवढीच त्यांची अट.

आम्ही बऱ्हाणपूरचे. गोष्ट सुरू होते ती प्रांतरचनेच्या सुमारास. नागपूर-विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही तापीकाठचे इकडे मध्य प्रदेशात राहिलो. हे सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत तेव्हा एकच विषय — नागपूरकडे जायचं की इकडेच राहायचं, फॉर्म भरून द्या.

यांचा खरा जीव मात्र गाण्यात. एका कापडवाल्या मित्राच्या दुकानावरच्या माडीवर दर शनिवारी बैठक भरायची. हे पेटी वाजवायचे आणि गायचे. मीही जायचे, म्हणजे बायकांच्या बाजूला पडद्यामागे — मांडीवर दीड वर्षाचा नंदू, शेजारी पेंगणारी सहा वर्षांची शकू आणि पिशवीत तपासायच्या वह्या. लोक वाहवा करायचे तेव्हा मी लाल पेन्सिलीनं वजाबाक्या तपासत असायचे. सकाळी पाचला उठलेल्या बाईला यमन काय आणि भूप काय, सगळ्या रागांत झोपच येते.

मला गाता येत नव्हतं असं नाही. लग्नानंतर यांनी तापीवर एक गाणं केलं होतं, चालही स्वतःच लावली होती — "सांज झाली, तापीमाई, दिवा तुझ्या पाण्याला." ते आम्ही दोघंच घरी गायचो. अंतऱ्याला मी दर वेळी अर्धी मात्रा आधीच घुसायचे. प्रत्येक कामात घाई, तशी गाण्यातही! मग हे हसायचे आणि म्हणायचे, "थांब गं, सम येऊ दे." मुलं झाल्यावर तेही बंद पडलं.

आता कुंडी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही फुलझाडाची समजाल. आमच्याकडे लालबागच्या बाजूला मोगलांच्या वेळचा पाण्याचा भंडारा आहे. डोंगराकडून झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येतं, आणि त्या बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी गोल तोंडं बांधलेली आहेत. त्या कुंड्या. बैठकीतल्या गाणाऱ्यांची एक रीत होती — नवीन चीज बसवली की शनिवारच्या आधी ती कुंडीत गाऊन बघायची. खालून आवाज परत येतो, त्यात कसर असेल ती कळते. "कुंडीत आवाज टाकून आलास का?" असं ते एकमेकांना विचारायचे. त्यामुळे आमच्या घरची रविवारची सहल म्हणजे बहुतेक वेळा कुंडीच. लोकांच्या सहली मुलांसाठी असतात, आमची यांच्या गळ्यासाठी.

त्या आठवड्यात मला यांच्या कोटाच्या खिशात फॉर्म सापडला. भरलेला. नागपूरकडचा.

"मला न विचारता भरला?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हटली असती ना."

"अन् माझी शाळा? दापोऱ्याला माझे बाबा अंथरुणावर आहेत, त्यांच्याकडे कोण बघणार?"

"अगं, तिकडे रेडिओ आहे. एकदा ऑडिशन पास झालो, बस... इथं काय करून राहिलो मी? खकनारचे दौरे अन् कागदावर शिक्के. गळा आहे तोवर आहे."

ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. मी म्हटलं, "तुम्ही जा. मी मुलांना घेऊन दापोऱ्याला राहते." यांनी "ठीक आहे" म्हटलं. एवढं मोठं बोलणं, आणि भाजी चिरता चिरता संपलं. फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

मधल्या रविवारी आम्ही कुंडीवर गेलो. शकूला कबूल केलं होतं म्हणून, नाहीतर त्या दिवशी मला कुठंच जायचं नव्हतं. बरोबर दशम्या, केळी आणि शकूच्या हट्टाचा दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई. टांगा झाडाखाली उभा केला. दुपारचे चार-साडेचार, लख्ख ऊन. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, जे काही होतं ते मुलांमार्फत. "बाबांना विचार, केळं हवं का?" अशा थाटात.

तिसऱ्या कुंडीचा कठडा ठेंगणा आहे. शकू त्यावर वाकून स्वतःचं नाव ओरडत होती, मी मागून तिचा फ्रॉक घट्ट धरला होता. एकदम ती गप्प झाली.

"आई... खाली कोणीतरी गातंय."

मला वाटलं, पाण्याचा आवाज असेल. मग मलाही ऐकू आलं. पुरुषाचा आवाज, थकलेला, पण सुरात. "सांज झाली, तापीमाई..." यांच्या कडेवर नंदू होता आणि यांचं तोंड बंद होतं. मी नीट पाहिलं. मग खालून बाईचा आवाज आला, बारीक, थरथरता... आणि अंतऱ्याला अर्धी मात्रा आधीच घुसला. पुरुष हसला. "थांब गं, सम येऊ दे."

यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

लहान मुलांना असल्या वेळी भीती वाटत नाही. शकूचे तेव्हा समोरचे दोन दात पडले होते, बोलताना फुसकन हवा जायची. ती तशीच ओरडली, "कोण गाऊन राहिलं तिथं?"

गाणं थांबलं. दगडावर बांगड्या आपटल्याचा आवाज झाला. काहीतरी कुजबुज... मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ, की मला वाटलं संपलं. मग कोणीतरी खोकलं आणि त्याच म्हाताऱ्या आवाजात शब्द आले —

"घरी जा, बाळ. सगळे मिळून जा."

यांनी नंदूला माझ्याकडे दिलं आणि पळतच बाकीच्या कुंड्या बघून आले. अलीकडच्या दोन्ही आणि पलीकडच्या पाच-सहा. टांगेवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "इधर तो सुबह से कोई नहीं आया, साहब." बैठकीतल्या कोणी चेष्टा केली म्हणावी, तर ते गाणं यांनी माडीवर कधी गायलंच नव्हतं. माझी शपथ घेऊन सांगितलं.

सोमवारी फॉर्म गेला नाही. संध्याकाळी यांनी शकूला त्याची होडी करून दिली. "राहू दे," एवढंच म्हणाले, आणि मी काही विचारलं नाही.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बाबांना त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी बघू शकले, माझी शाळा राहिली, घर एका जागी राहिलं. पण हे कारकूनच राहिले. कापडवाला मित्र वारला आणि माडीवरची बैठकही मोडली. संध्याकाळी रेडिओवर गाणं लागलं की हे थोडं ऐकायचे आणि मध्येच बटण बंद करून चपला घालून बाहेर जायचे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. कोणा भलत्याच्या शब्दावर माझ्या नवऱ्यानं त्याची हौस सोडली, आणि मी गप्प राहिले, कारण मला तेच हवं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मध्ये तीसएक वर्षं गेली. आम्ही दोघंही रिटायर झालो. शकू इंदूरहून नवरा आणि मुलांना घेऊन आली होती. मुलांना कुंडी दाखवायची म्हणून आम्हाला गाडीत घातलं. पुन्हा सहल! आता कुंड्यांवर लोखंडी जाळ्या होत्या. तिसऱ्या कुंडीची जाळी एका बाजूनं तुटलेली. शकू मुलांना घेऊन गाडीकडे गेली, थर्मासमधला चहा काढायला. आम्ही दोघंच कठड्याशी उरलो.

"चल, आवाज टाकून बघू," हे म्हणाले.

"या वयात? खोकला बघा तुमचा."

पण त्यांनी सुरू केलंच. दुसरं कोणतं गाणं सुरू करणार? मीही धरलं. पाय दुखत होते, चहा हवा होता, कधी एकदा संपतं असं झालं होतं... आणि मी अर्धी मात्रा आधी घुसले. हे हसले. "थांब गं, सम येऊ दे."

देवाशपथ सांगते, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. तेवढ्यात खालून आवाज आला. लहान मुलीचा, मध्येच फुसकन हवा जाणारा.

"कोण गाऊन राहिलं तिथं?"

मी मागे वळून पाहिलं. शकू लांब गाडीपाशी कपात चहा ओतत होती. केस पिकायला लागलेली शकू. तिची दोन्ही मुलं माझ्या डोळ्यांसमोर तिच्याजवळ उभी होती.

मी घाबरून यांचा हात धरायला गेले आणि माझ्या बांगड्या दगडावर आपटल्या. तो आवाज मी ओळखला. तेव्हा मला कळलं की त्या आवाजापलीकडे, तीस वर्षांपूर्वीच्या कठड्याशी कोण उभं आहे. फ्रॉक धरून उभी असलेली दमलेली बाई, आणि तिच्या शेजारी हे, ज्यांचा फॉर्म अजून जायचा आहे.

यांनाही कळलं होतं. मी कुजबुजले, "तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. माझ्याकडे बघू नका."

ते गप्प राहिले. किती वेळ ते मला आधीच माहीत होतं, तरी तो सरता सरेना. खाली फक्त पाणी वाहत होतं. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी "नागपूरला जा" म्हटलं असतं, तर मी एक अक्षर बोलले नसते.

मग ते खोकले.

"घरी जा, बाळ. सगळे मिळून जा."

नंतर खालून काही आलं नाही. शकू चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, रडून का राहिली?" मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. तिला लहानपणचं काही आठवत नाही, मी विचारून पाहिलंय.

दोन दिवसांनी, ते लोक इंदूरला गेल्यावर, मी यांना विचारलंच. "दुसरं काही सांगायचं नव्हतं तुम्हाला?"

"होतं ना. तोंड उघडलं होतं मी." बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. "मग म्हटलं, सहा वर्षांची पोरगी विचारून राहिली. तिला काय रेडिओचं सांगू?"

नंदू इंजिनियर आहे. तो म्हणतो, आवाज बोगद्यात फिरतो आणि बाकीचे मनाचे खेळ. फिरत असेल. पण तीस वर्षं फिरतो का? आणि पुन्हा उलटाही? ते वाक्य यांनी म्हटलं, कारण आम्ही ते एकदा ऐकलं होतं. आणि ऐकलं होतं ते यांनीच म्हटलेलं. मग ते पहिल्यांदा कोणाला सुचलं? गणिताची बाई असून मला हे सोडवता आलेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सुटलं तर जरूर कळवा.

आणि हो, अट राहिली. यांचं गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं.